डिजिटल हेल्थमध्ये धंदा उभा करायचाय? आधी काउंटर बघा, मग कोड लिहा

केसपेपर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१०

आरोग्यातल्या स्टार्टअपचा विषय निघाला की गप्पा ॲपच्या रंगापासून सुरू होतात आणि गुंतवणूकदारापाशी संपतात. केसपेपर कोण काढतं, पैसे कोण देतं, परवाना कुठला लागतो हा मधला सगळा भाग मराठीत एका जागी सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं काम माहीत आहे त्यांनी भर घालावी. आत्मचरित्र नको, कामाचं लिहा.

सर्वांत कंटाळवाण्या जागेपासून सुरू करतो. दवाखान्याचं काउंटर.

तालुक्याच्या गावातली सकाळची ओपीडी धरा. दोन तास, ६० पेशंट, काउंटरवर एकच मुलगी. म्हणजे एका पेशंटला दोन मिनिटं. त्यातच फी घ्यायची, सुट्टे परत द्यायचे, वजन करायचं, फोन उचलायचा. सॉफ्टवेअरच्या वाट्याला अर्धं मिनिट आलं तरी खूप. नोंदणीच्या पडद्यावर चौदा रकाने आणि त्यातल्या नवांवर लाल चांदणी असेल तर ती पिनकोडमध्ये सहा वेळा १ दाबते आणि प्रत्येकाचा वाढदिवस १ जानेवारीला लावून मोकळी होते. तिचं काही चुकत नाही. सहा महिन्यांनी हाच कचरा 'डेटा' म्हणून दाखवायला निघणाऱ्यांचं चुकतं.

सक्तीचे रकाने चारच ठेवा: नाव, वय, लिंग, मोबाइल. जन्मतारीख विचारू नका, वय विचारा. त्यावरून जन्मवर्ष काढून साठवा आणि सोबत 'अंदाजे' अशी खूण ठेवा. नुसतं वय साठवलं तर पाच वर्षांनीही पेशंट ४२ चाच राहतो. लहान मुलांचा अपवाद. तिथे तारीखच लागते, कारण लसी आणि डोस दोन्ही त्यावर ठरतात.

जुना पेशंट शोधायला मोबाइलचे शेवटचे चार आकडे पुरतात. पण एका नंबरवर घरातले पाच जण असतात, त्यामुळे एकदम फाइल उघडू नका, पाचही नावांची यादी दाखवा. नावावरून शोधताना तयार साउंडेक्स वापरलंत तर फसाल. ते पहिलं अक्षर तसंच ठेवतं, आणि आपला ज्ञानेश्वर इंग्रजीत कुणी डी-एन-वायने लिहितो, कुणी जी-वायने, कुणी जे-एनने. तीन वेगळ्या फाइली तयार होतात. सुरुवातीच्या जोडाक्षरांचे नियम आपले आपणच लिहावे लागतात.

वीज जाते, नेट जातं. टोकन देणं आणि फी घेणं नेटशिवाय चाललंच पाहिजे. दोन काउंटर असतील तर एकाचं टोकन क-१, क-२ आणि दुसऱ्याचं ख-१, ख-२ असं द्या, नाहीतर नेट आल्यावर दोन पेशंट 'सतरा नंबर माझा' म्हणत भांडतात. प्रिस्क्रिप्शन थर्मल कागदावर छापू नका. त्यावरची अक्षरं उन्हात आणि पाकिटात उडतात. डॉक्टरांचं छापील लेटरहेड असतं, तेव्हा वरचा समास मिलिमीटरमध्ये बदलता आला पाहिजे. ही सोय नसेल तर डेमो तिथेच संपतो.

आता पैशाचा एक मुद्दा, जो किंमत ठरवताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला १८ टक्के लागतो. नियमित जीएसटी भरणारा दुसरा व्यापारी हा कर पुढे वजा करून घेतो. डॉक्टरला ती वजावट मिळत नाही, कारण त्याच्या सेवेवर करच नाही. म्हणजे तुमचे महिना १,००० रुपये त्याच्यासाठी रोख १,१८० असतात. कोटेशनमध्ये 'अधिक कर' असं बारीक लिहिण्यापेक्षा सगळं धरून एकच आकडा सांगा.

---

सर्व्हरखोली | सोमवार, रात्री ११:३५

वाचनखूण साठवली. एबीडीएमच्या (आयुष्मान भारत डिजिटल मिशन, आरोग्य नोंदी एकमेकांना जोडणारी सरकारी योजना) जोडणीचं मी लिहितो, कारण 'आभा जोडलंय' एवढं म्हणून पुढे काहीच न चालणारी सॉफ्टवेअरं बाजारात भरपूर आहेत.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. पेशंटचा आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य ओळख क्रमांक, १४ आकडी, शिवाय ईमेलसारखा आभा पत्ता. सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या यंत्रणेत, तीन टप्पे आहेत. एम-१ म्हणजे आभा तयार करणं आणि पडताळणं. एम-२ म्हणजे तुमच्याकडची नोंद पेशंटच्या आभाला जोडणं आणि मागितल्यावर देणं. एम-३ म्हणजे पेशंटच्या संमतीने दुसरीकडची नोंद मागवणं. त्यानंतर कामाची चाचणी, मग सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी, आणि मगच खरी किल्ली मिळते. तपासणीत त्रुटी निघणार, त्या दुरुस्त करून फेरतपासणी होणार. वेळापत्रकात दोन्ही फेऱ्या धरा.

अडतं कुठे ते सांगतो.

पहिलं, सगळं उलट्या हाकेवर चालतं. तुम्ही विनंती पाठवली की २०२, म्हणजे 'विनंती पोचली', एवढंच उत्तर येतं. खरं उत्तर नंतर तुमच्या पत्त्यावर येऊन धडकतं. दवाखान्यातला संगणक राउटरच्या मागे असतो, त्याला बाहेरून कुणी हाक मारू शकत नाही. त्यामुळे मध्ये एक कायम चालू सर्व्हर लागतोच. 'पूर्ण ऑफलाइन आणि एबीडीएमसह' असं कुणी विकत असेल तर त्याला हे विचारा.

दुसरं, वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, पाठवायची. भारतीय वेळ पाठवून शेवटी झेड (यूटीसीची खूण) लावला की विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरते आणि नाकारली जाते. त्रुटीच्या संदेशावरून हे कळत नाही, दोन दिवस जातात.

तिसरं, आधार क्रमांक आणि ओटीपी सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करून पाठवायचे असतात. नव्या तिसऱ्या आवृत्तीत पॅडिंग (कुलूप लावण्याआधीची भरणी) ओएईपी प्रकारचं आहे, तेही शा-१ सह. बऱ्याच लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) न सांगता शा-२५६ धरतात. मग 'ओटीपी चुकीचा' असं दिसतं आणि बिचाऱ्या पेशंटला पुन्हा पुन्हा विचारलं जातं. आधार क्रमांक लॉगमध्येही राहता कामा नये.

चौथं सगळ्यात चिवट. नोंद देताना ती कुलूपबंद करायची असते. दोन्ही बाजूंचे ३२ बाइटचे नॉन्स (एकदाच वापरायचे यादृच्छिक आकडे) एक्सॉर करून एकत्र करायचे, पहिले २० बाइट सॉल्ट, शेवटचे १२ बाइट आयव्ही, मग एचकेडीएफने किल्ली काढून एईएस-जीसीएम. कागदावर सोपं आहे. पण मूळ नमुना जावातल्या बाउन्सी कॅसल लायब्ररीवर बेतलेला आहे आणि त्यातला कर्व्ह-२५५१९ वायरस्ट्रास रूपात आहे. पायथन किंवा नोडमधली तयार एक्स-२५५१९ फंक्शन मॉन्टगोमेरी रूपात चालतात. नाव एक, बिंदू वेगळे, किल्ली जुळत नाही. यावर डोकं आपटण्यापेक्षा नमुन्यातलाच भाग वेगळी छोटी सेवा म्हणून चालवावा.

नोंदीचा साचा एफएचआयआर आर-४, म्हणजे आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याची भारतीय प्रोफाइल पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद) मानक केंद्र प्रसिद्ध करतं. नोंदींचा गठ्ठा, म्हणजे बंडल, 'डॉक्युमेंट' प्रकारचं, पहिली नोंद कॉम्पोझिशनची (अनुक्रमणिकेसारखी) असायलाच हवी. पीडीएफ घालता येते, पण ती बेस-६४ या अक्षररूपात बदलावी लागते, त्यामुळे आकार एक-तृतीयांशाने फुगतो. स्कॅन ३०० डीपीआय रंगीत ठेवलंत तर डिस्चार्ज समरी पोचायच्या आतच वेळ संपते. करड्या रंगात १५० पुरतं.

---

नवा_भिडू | मंगळवार, सकाळी ८:०५

सर्व्हरखोली, भारी. दोन शंका. पेशंट 'माझी नोंद शोधा' म्हणतो तेव्हा एका मोबाइलवर पाच जण असतील तर कुठली द्यायची? आणि काउंटरवर आभा काढायला वेळ कुठून आणायचा?

---

सर्व्हरखोली | मंगळवार, सकाळी ८:५०

नक्की एकच जुळला तरच द्यायची. मोबाइल जुळला, मग लिंग, जन्मवर्ष, नाव असं गाळत जायचं. तरी दोन उरले तर एकही न देता पेशंटकडून केसपेपर नंबर मागायचा. अंदाजाने सासूचे रिपोर्ट सुनेला गेले तर ती तांत्रिक चूक म्हणून सुटत नाही. वर केसपेपर यांनी 'अंदाजे' खूण सांगितली ती इथे कामी येते. अंदाजे वर्ष असेल तर दोन वर्षं इकडेतिकडे चालवून घ्या, खरं असेल तर नको.

आणि भेटीची नोंद जोडताना तिला जे शीर्षक देता ते पेशंटच्या फोनवर दिसतं. तो फोन घरात कुणाच्याही हातात असतो. तिथे 'एचआयव्ही समुपदेशन' असं लिहू नका. 'ओपीडी भेट, १२ मार्च' एवढं पुरे.

काउंटरवर आभा *काढू* नका. स्कॅन अँड शेअरचा क्यूआर भिंतीवर लावा. ज्याच्याकडे आभा आहे तो रांगेत उभ्या उभ्या स्कॅन करतो, माहिती काउंटरच्या पडद्यावर आपोआप येते. आधारचा ओटीपी मुंबईतल्या मुलाच्या फोनवर जातो आणि आजोबा कन्नड गावात काउंटरवर उभे असतात. त्या वेळी त्यांना साध्या पद्धतीने आत घ्या.

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:२०

सगळं वाचलं. उत्तम आहे, पण घोड्याच्या आधी गाडी जुंपताय. पहिल्या वर्षी एबीडीएमवर दोन माणसं बसवायची आणि गिऱ्हाईक एकही नाही, असे धंदे पाण्यात जातात. आधी ठरवा पैसे कोण देणार: पेशंट, डॉक्टर, हॉस्पिटल, विमा कंपनी, नोकरी देणारा की सरकार? या धंद्यात वापरणारा एक, फायदा दुसऱ्याला आणि बिल तिसऱ्याला, असंच बहुधा असतं.

अमेरिकेतली दोन उदाहरणं घ्या. पिअर थेरप्युटिक्सच्या 'रीसेट' या व्यसनमुक्ती ॲपला सप्टेंबर २०१७ मध्ये एफडीएची (तिथली औषध नियामक संस्था) मंजुरी मिळाली. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचं ॲप, नवीनच प्रकार. चाचण्या होत्या, मंजुरी होती, डॉक्टर लिहूनही देत होते. विमा कंपन्या पुरेसे पैसे देईनात. एप्रिल २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. उलट ग्लेन टुलमन या उद्योजकाचा रस्ता बघा. आधी ऑलस्क्रिप्ट्स, म्हणजे दवाखान्याचं सॉफ्टवेअर, अनेक वर्षं चालवलं, मग लिव्होंगो. मधुमेहींना ग्लुकोमीटर आणि सल्ला, पण बिल पेशंटला नाही. ते त्याच्या कंपनीला, कारण तिथल्या मोठ्या कंपन्या कामगारांच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. साखर आटोक्यात राहिली तर पैसे त्यांचेच वाचतात. २०२० मध्ये टेलाडॉक या टेलिमेडिसिन कंपनीने लिव्होंगो १८.५ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. नंतर टेलाडॉकला त्यातली बरीच किंमत पुस्तकातून उतरवावी लागली, तो वेगळा विषय.

आता हेच मॉडेल उचलून पुण्यात आणणारे बघा. इथल्या कंपनीचा गट विमा बहुधा असतो हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या उपचारांचा. ओपीडीची साखर वाढली-उतरली तरी कंपनीच्या हिशेबात एक रुपया हलत नाही. मग एचआर कशाला दरमहा माणशी पैसे देईल? 'वेलनेस' म्हणून एक वर्ष देतो, दुसऱ्या वर्षी योगासनांचं शिबिर भरवतो.

भारतातलं शिकण्यासारखं उदाहरण प्रॅक्टोचं. शशांक एनडी आणि अभिनव लाल यांनी सुरतकलच्या एनआयटीत असतानाच, २००८ मध्ये, सुरू केलं. आधी दवाखान्याच्या कामाचं सॉफ्टवेअर, डॉक्टर शोधण्याची सोय नंतर. डॉक्टरला रोजचं काम सोपं झालं म्हणून त्याची अपॉइंटमेंटची वही हातात आली. वही हातात नसताना थेट 'डॉक्टर शोधा' काढणाऱ्यांकडे जुने पत्ते आणि बंद पडलेले लँडलाइन नंबर जमतात.

एक धोक्याची सूचना. 'तुम्ही आमच्या ॲपमधून लॅबला पेशंट पाठवा, आम्ही टक्के देऊ' असली योजना कुणी सुचवली तर हात जोडा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरला असं कमिशन घ्यायला मनाई आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये 'रेफरल शेअर' नावाचा रकाना असणं म्हणजे डॉक्टरविरुद्धचा पुरावा तुम्हीच व्यवस्थित, तारीखवार लावून ठेवणं.

---

केसपेपर | मंगळवार, दुपारी ३:००

हिशेबनीस, एम-१ पुरतं तरी आधीच करावं असं माझं मत. मोठी हॉस्पिटलं निविदेतच मागतात. बाकी मान्य.

---

फॉर्म_एमडी_पाच | मंगळवार, रात्री १०:१५

परवान्याचं कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो.

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने, १ एप्रिल २०२० पासून, निदान, देखरेख किंवा उपचारासाठीचं *सॉफ्टवेअरसुद्धा* वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलं. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे. धोक्यानुसार चढते वर्ग चार: ए, बी, सी, डी. ए (निर्जंतुक नसलेली, मोजमाप न करणारी उपकरणं सोडून) आणि बीला परवाना सक्तीचा झाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डीला १ ऑक्टोबर २०२३ पासून. उत्पादनासाठी ए-बीच्या अर्जाचा नमुना एमडी-३, परवाना एमडी-५, देतं राज्याचं औषध प्रशासन. सी-डीचा अर्ज एमडी-७, परवाना एमडी-९, देतं केंद्र. चाचणीपुरतं बनवायचं असेल तर आधी एमडी-१२ वर अर्ज आणि एमडी-१३ वर परवाना.

कोण आत, कोण बाहेर? तुमचं सॉफ्टवेअर कशासाठी आहे असं *तुम्ही लिहिता* त्यावर ते ठरतं. टोकन, बिल, फाइल साठवणं, 'गोळी घ्या' ही आठवण: बाहेर. ईसीजी वाचून 'अनियमित ठोके' सांगणं: आत. गंमत अशी की पुष्कळदा मार्केटिंगवाला घोटाळा करतो. कागदपत्रात 'नोंदवही', वेबसाइटवर 'हृदयविकार ओळखा घरबसल्या'. तपासणारा अधिकारी वेबसाइटही वाचतो. आणि 'मधुमेह मुळापासून बरा' असली जाहिरात केलीत तर १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा वेगळा लागतो. त्याच्या यादीत मधुमेह आहे.

---

नवा_भिडू | मंगळवार, रात्री १०:४०

त्वचेचा फोटो घेऊन 'बहुधा गजकर्ण' सांगणारं ॲप, पण खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' असं लिहिलं तर?

---

फॉर्म_एमडी_पाच | मंगळवार, रात्री ११:०५

आत. खालच्या ओळीने वरचं निदान पुसलं जात नाही. शिवाय २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना वाचा: कृत्रिम बुद्धिमत्तेने पेशंटला परस्पर सल्ला किंवा औषध द्यायचं नाही, ती डॉक्टरला मदत करू शकते. म्हणजे तुमचं उत्तर डॉक्टरच्या पडद्यावर जायला हवं.

परवान्यासाठी लागणाऱ्या फाइलींची तयारी पहिल्या दिवसापासून करा. गुणवत्ता व्यवस्थेला आयएसओ १३४८५, जोखमीला १४९७१, सॉफ्टवेअरच्या जीवनचक्राला आयईसी ६२३०४. लोक दोन वर्षं कोड लिहितात आणि मग सल्लागाराला बोलावून मागच्या तारखांची कागदं बनवतात. ती पकडली जातात, कारण गिटमधली (कोडमधल्या बदलांची तारीखवार नोंद) तारीख आणि 'डिझाइन रिव्ह्यू'वरची तारीख जुळत नाही. त्यापेक्षा गरज, तिचा धोका, तो टाळणारा कोड आणि त्याची चाचणी या चौघांना एकच क्रमांक द्या आणि प्रत्येक बदलासोबत तो लिहा. वापरलेल्या बाहेरच्या लायब्रऱ्यांची आवृत्तीसह यादीही लागते.

---

काळी_फिल्म | बुधवार, सकाळी ७:३०

एआयवाल्यांसाठी एक गणित. कागद-पेन्सिल घ्या.

क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर. मुंबईची क्युअर डॉट एआय ही २०१६ पासूनची कंपनी यात जगभर माहीत आहे, आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि पुढच्यांसाठी अशा संगणकी वाचनाला मान्यता दिली. चाळणी चाचणीसाठी संघटनेने २०१४ मध्ये किमान अपेक्षा संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के, विशिष्टता (निरोग्यांना निरोगी म्हणण्याचं प्रमाण) ७० टक्के अशी ठेवली होती. तुमचं यंत्र नेमकं एवढं चांगलं आहे असं धरा.

एका वस्तीत १,००० जणांचे एक्स-रे काढले, त्यात खरे रुग्ण १०. यंत्र ९ पकडतं, १ सुटतो. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ३० टक्के, म्हणजे २९७ जणांना ते 'संशयित' म्हणतं. एकूण संशयित ३०६, त्यात खरे ९. शंभरात तीन. आता या ३०६ जणांची थुंकीची नॅट (जंतूंची जनुकं शोधणारी) चाचणी करायची. तिचं काट्रिज कोण देणार, नमुना कोण नेणार, निकाल येईपर्यंत त्यांना काय सांगणार? '९० टक्के अचूक' असं स्लाइडवर लिहिणाऱ्याला जिल्हा क्षयरोग अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात. उत्तर सोबत न्या: 'संशयित' ठरवण्याचा उंबरठा वर नेला तर संशयित किती कमी होतील आणि खरे किती सुटतील, असे तीन उंबरठ्यांचे आकडे, *त्यांच्या* भागातल्या प्रमाणानुसार.

मॉडेल बनवताना हमखास होणाऱ्या दोन चुका. एकाच पेशंटचे दोन एक्स-रे, एक शिकवण्याच्या गठ्ठ्यात आणि एक तपासण्याच्या. यंत्र पेशंट ओळखतं, आजार नाही. वाटणी फिल्मनुसार करू नका, पेशंटनुसार करा. दुसरी चूक अशी: क्षयरोग दवाखान्यातले सगळे 'होय' आणि खासगी तपासणी केंद्रातले सगळे 'नाही' असा डेटा. कोपऱ्यातला डावी बाजू दाखवणारा धातूचा 'एल' वेगवेगळा असतो, यंत्र तोच शिकतं. प्रत्येक केंद्रातून दोन्ही प्रकारचे घ्या, आणि एक केंद्र शिकवताना पूर्ण बाजूला ठेवून शेवटी त्यावर तपासा.

डेटा घेण्याआधी नैतिकता समितीची मान्यता. जुन्या, ओळख पुसलेल्या फिल्मसाठी समिती संमतीतून सूट देऊ शकते, पण ती सूट समितीने द्यायची, आपण गृहीत धरायची नाही. डायकॉममधलं (एक्स-रेच्या फाइलचा साचा) नाव पुसलं तरी फिल्मवरच छापलेलं नाव राहतं, ते पिक्सेलमधून काढावं लागतं. सोनोग्राफीत हात घालणार असाल तर १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आधी वकिलाबरोबर बसून वाचा. गर्भलिंगाकडे बोट दाखवणारं काहीही, अगदी चुकून राहिलेला मॉडेलचा वर्गसुद्धा, चालणार नाही.

---

सीरियल_केबल | बुधवार, दुपारी १२:४५

लॅबवाल्यांचं राहिलं. थोडक्यात.

रक्ततपासणीची बरीच यंत्रं अजून आरएस-२३२ या जुन्या सीरियल केबलवर एएसटीएम ही ठरलेली भाषा बोलतात. यंत्र ईएनक्यू ('ऐकताय का?') पाठवतं, तुम्ही एसीके ('पोचलं') द्यायचं, मग एच, पी, ओ, आर, एल अशा नोंदी फ्रेममध्ये, म्हणजे तुकड्यांत, येतात, प्रत्येक फ्रेमला चेकसम (पडताळणीचा आकडा) आणि प्रत्येकीला एसीके. १५ सेकंदांत उत्तर नाही दिलं की यंत्र नाद सोडतं. त्यामुळे फ्रेम आली की आधी एसीके, डेटाबेसमध्ये लिहिणं नंतर. उलटं केलं की सकाळच्या गर्दीत निकाल गळतात आणि दुपारी सगळं ठीक दिसतं.

काहीच येत नसेल तर कोड उघडू नका. केबल बघा. निम्म्या वेळा पिन २ आणि ३ ची अदलाबदल करणारी हवी असते आणि सरळ लावलेली असते. नमुन्याचा क्रमांक अक्षर म्हणून साठवा. संख्या म्हणून साठवला की ००४५१ चा ४५१ होतो आणि रिपोर्ट अनाथ.

---

कुलूपकिल्ली | बुधवार, रात्री ९:५५

कायद्याचं चित्र सध्या असं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेतच, त्यात वैद्यकीय नोंद 'संवेदनशील' आहे. नव्या कायद्यात सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. १८ च्या खालच्यांसाठी पालकाची पडताळलेली संमती हे तत्त्व, म्हणजे बालरोगतज्ज्ञांना सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी नियमांतल्या सवलती नीट वाचाव्यात.

आजच लागू असलेलं आणि सगळे विसरतात ते: सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. सहा तास म्हणजे रविवारी पहाटेही सहाच तास. कोण कळवणार, कोणत्या ईमेलवरून, त्याचा फोन नंबर कुठे लिहिलाय, हे आधी ठरवा.

प्रत्यक्षात गळती कुठून होते? हॅकरपेक्षा व्हॉट्सॲपवरून. रिपोर्टची लिंक पाठवतात, तिच्या शेवटी १०२३४५ असा अनुक्रमांक. कुणीतरी १०२३४६ टाकून बघतो आणि शेजाऱ्याचा रिपोर्ट उघडतो. लांब, अंदाज न येणारी लिंक द्या, उघडताना जन्मवर्ष विचारा, सात दिवसांनी बंद करा. दुसरी जागा म्हणजे एकच लॉगिन अख्ख्या स्टाफला. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. चार आकडी पिनने झटकन माणूस बदलता आला तरच स्टाफ वेगवेगळं लॉगिन वापरतो. उपदेश करून नाही.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:१०

पैशाबद्दल खासगी निरोप येताहेत म्हणून इथेच लिहितो. उपकरण किंवा निदानाचं काही असेल तर बायरॅकचं (केंद्र सरकारची जैवतंत्रज्ञान संस्था) 'बिग' अनुदान बघा. ५० लाखांपर्यंत, साधारण १८ महिन्यांसाठी. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर त्याचं भागीदार केंद्र आहे. फक्त अपॉइंटमेंटचं ॲप असेल तर तिकडे वेळ घालवू नका, त्यांना नवं तंत्र हवं असतं. अर्जात 'भारतात इतके कोटी मधुमेही' हे पान काढून टाका. परीक्षकांना ते माहीत असतं. तुमचं यंत्र चुकेल तेव्हा काय होईल याचं पान टाका.

क्रमाची चूक करू नका. काही योजनांत आधी घेतलेल्या सरकारी मदतीवर मर्यादा असते. स्टार्टअप इंडिया सीड फंडाच्या २०२१ च्या नियमांत ती १० लाख होती. मोठं अनुदान आधी घेतलं की छोटं बाद. दोन्हींचे नियम शेजारी ठेवून तारखा आखा.

---

नवा_भिडू | गुरुवार, दुपारी ४:३०

टेलिमेडिसिनमध्ये औषधांच्या याद्या म्हणतात त्या सॉफ्टवेअरमध्ये कशा बसवायच्या?

---

केसपेपर | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

ओ यादी: साधी, चिठ्ठीविना मिळणारी. कुठल्याही माध्यमातून सल्ला दिला तरी चालतात. ए यादी: पहिल्या भेटीत द्यायची तर ती भेट व्हिडिओवरच हवी. बी यादी: फक्त त्याच आजाराच्या फेरभेटीत, आधीच्या औषधांना जोड म्हणून. आणि वर्ज्य: शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली औषधं) आणि अमली पदार्थ कायद्यातली.

म्हणजे औषधाची निवड करताना सॉफ्टवेअरला तीन गोष्टी माहीत हव्यात: भेट पहिली की फेर, माध्यम व्हिडिओ की आवाज की मजकूर, आणि हे औषध कुठल्या यादीत. गोम इथे आहे: व्हिडिओवर सुरू झालेली भेट नेट कमी पडलं म्हणून आवाजावर येते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये माध्यम सुरुवातीला एकदाच नोंदलं जातं. चिठ्ठी लिहिण्याच्या क्षणी माध्यम काय होतं आणि व्हिडिओ किती वेळ चालला, दोन्ही साठवा. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवाच. औषधाचं जेनेरिक नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत.

औषध सुचवणाऱ्या यादीत एंटर दाबला की पहिलं नाव आपोआप निवडलं जाऊ देऊ नका. तीन अक्षरं जुळणारी दोन वेगळीच औषधं शेजारी येतात. मात्रा नावाइतक्याच ठळक अक्षरात दाखवा.

---

सर्व्हरखोली | शुक्रवार, सकाळी ९:०५

एक राहिलंच. डॉक्टर विकत घेण्याआधी हमखास विचारतात: 'तुम्ही बंद पडलात तर माझे पेशंट कुठे जातील?' यावर 'आम्ही बंद पडणार नाही' हे उत्तर नव्हे. करारातच लिहा की मागितल्यापासून अमुक दिवसांत सगळी नोंद मिळेल, कुठल्या रूपात, विनाशुल्क. आणि ते बटण खरंच चालतं का ते बघा: निर्यात केलेली फाइल तुमचं सॉफ्टवेअर *नसलेल्या* संगणकावर उघडा. मराठी नावं चौकोन-चौकोन दिसतात का, स्कॅन केलेले केसपेपर सोबत आलेत की नुसत्या मेलेल्या लिंका, एक्सेलने मोबाइल नंबरचं ९.८ई+०९ केलंय का. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ मध्ये काढताना सुरुवातीला बीओएम (लिपीची खूण) ठेवला तर एक्सेलमध्ये देवनागरी नीट उघडते.

---

सीरियल_केबल | शुक्रवार, सकाळी ९:४०

आणि ती फाइल पेनड्राइव्हवर मावते का तेही. एक्स-रे असलेल्या दवाखान्याची मावत नाही. फॅट-३२ या पेनड्राइव्हच्या जुन्या साच्यावर ४ जीबीच्या वरची एकसंध झिप जातच नाही. तुकडे करून द्या.